निळ्यावर गुलाबी

मी एक निळा स्टिकर बोलतोय. माझ्यावर काळ्या शाईने 'विज्ञानपट' असं लिहिलेलं आहे. आता ते कुणाला वाचता येत नाही, कारण माझ्या उरावर एक गुलाबी स्टिकर बसलाय. तरी बोलतो. गप्प बसायचा माझा स्वभाव नाही.

सिनेमांच्या डीव्हीडी भाड्याने देणाऱ्या एका दुकानात माझा जन्म झाला. दुकानदाराच्या बायकोचं अक्षर मोत्यासारखं, म्हणून आमच्यावर लिहायचं काम तिचं. गिऱ्हाइकं तिला वहिनी म्हणत. लाल म्हणजे मारधाड, गुलाबी म्हणजे कौटुंबिक, हिरवा मुलांचा आणि निळा मी. कुठल्या सिनेमाला कुठला रंग, हे मात्र दुकानदार ठरवी, तेही नुसतं कव्हर बघून. "वीस वर्षं हेच करतोय. कव्हर बघितलं की आतलं कळतं," असं तो ऐटीत सांगे.

एके दिवशी त्याच गावातल्या एका बाईने केलेला सिनेमा दुकानात आला. कव्हरवर आकाशात निघालेलं एक यान होतं. दुकानदाराने मला सोललं आणि डबीच्या कडेवर चिकटवलं. त्याचा नेम सहसा चुके, पण त्या दिवशी बरोबर लागला.

निळ्या फळीवरचे सिनेमे सगळ्यांच्या आधी वहिनी बघे. दुपारी दुकान बंद असायचं, तेव्हा आतल्या टीव्हीवर लावायची. त्यामुळे गोष्ट मला ठाऊक आहे. एक मुलगी दूरच्या ग्रहावर कामाला जाते. अंतर एवढं, की इथला प्रश्न तिथे पोचून उत्तर परत यायला नऊ वर्षं लागतात. आई विचारते, "जेवलीस का?" उत्तर येतं तेव्हा आईचे केस पांढरे झालेले असतात. एवढीच गोष्ट. पदराला डोळे पुसत वहिनीने डबी परत फळीवर ठेवली.

बाहेर मात्र माझी शोभा व्हायला लागली. कॉलेजची मुलं निळा रंग बघून डबी न्यायची आणि दुसऱ्या दिवशी काउंटरवर आपटायची. एकही स्फोट नाही, एक राक्षस नाही, नुसती म्हातारी खिडकीत बसलीय, असं म्हणायची. एका निवृत्त शिक्षिकेने डबी हातात घेतली, मला वाचलं आणि चटका बसल्यासारखी खाली ठेवली. ही पोरासोरांची करमणूक, म्हणाल्या. म्हणजे जे माझ्याकडे बघून आले ते फसले, आणि ज्यांनी बघायला हवा होता ते माझ्याकडे बघूनच पळाले. दोन्हीकडून शिव्या मलाच.

मग एकदा सिनेमा करणारी ती बाई स्वतः आली. घर गहाण टाकून केलेला सिनेमा कुणी नेत नाही, हे ऐकून तिचा चेहरा उतरला. तिने दुकानदाराला विनवलं, याला गुलाबी फळीवर ठेवा.

वहिनी काउंटरमागून म्हणाली, "बाई, ते अंतर काढलं तर तुमच्या आईने वाट कशाची बघायची? विज्ञानपटच आहे हा. उगाच दुसरं काही म्हणू नका."

बाईने डबीवरून हात फिरवला. मग म्हणाली, "तुम्ही म्हणता ते खरंय. पण लोक बघतच नाहीत हो."

दुकानदाराने मला नखाने खरवडून बघितलं. मी निघालो नाही. वहिनीने मुकाट्याने गुलाबी स्टिकरवर 'कौटुंबिक' लिहिलं आणि त्याने तो माझ्यावर थापला.

आणि सिनेमा चालला. आठ-आठ दिवस डबी दुकानात दिसेना. त्या शिक्षिकाही घेऊन गेल्या आणि डोळे सुजवून परत आल्या. त्यांचा मुलगा दूर देशी राहायचा, रविवारी फोन करायचा. म्हणाल्या, "यानबिन आहे त्यात, पण ते सोडून द्या. विज्ञानपट नाहीच मुळी हा, चांगला आहे."

खाली अंधारात मी ते ऐकलं. सिनेमा पडला तेव्हा दोष माझा होता. आता चांगला निघाला, तर माझा संबंधच नाही. दूर गेलेल्या मुलासाठी त्या ज्या अंतरामुळे रडल्या, ते अंतर माझंच होतं. पण ते सोडून द्यायचं.

शिक्षिकेचं मी फार मनावर घेतलं नसतं. पण पुढे सिनेमाचा सत्कार झाला, तोही याच दुकानात, खुर्च्या मांडून. हार घालून घेतल्यावर ती बाई हसत म्हणाली, "मी विज्ञानपट कधी केलाच नाही. मी आईची गोष्ट केली." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तिचं घर गहाणातून सुटलं, याचा मला आनंद आहे. पण त्या वाक्याने मी मनातून खचलो तो खचलोच.

आता निळी फळी काढून टाकलीय. मी मात्र इथेच आहे. हवेने गुलाबी स्टिकरचा एक कोपरा सुटतो आणि माझं पहिलं अक्षर बाहेर डोकावतं. काल एका गिऱ्हाइकाने ते बघितलं आणि संशयाने विचारलं, "खाली काय लिहिलंय?"

वहिनीने माझ्याकडे बघितलं. तिचंच अक्षर होतं. "काही नाही," ती म्हणाली आणि अंगठ्याने तो कोपरा दाबून धरला, नीट चिकटेपर्यंत.