कोंबडीचे तीन रकाने

डाव्या बाजूला समासाची घडी होती... दोन बोटं रुंद, नखाने दाबून धारदार केलेली, आणि ती दिसताक्षणी त्याच्या हातातला कागदांचा गठ्ठा जड झाला, कारण बाकीच्या अकरांपैकी कोणीही समास सोडला नव्हता. घडी घालून, समास सोडून लिहिणारं माणूस या हॉलमध्ये एकच होतं, आणि ते खिडकीजवळच्या खुर्चीत बसून समोरच्या पाण्याच्या टाकीकडे इतक्या निरागसपणे बघत होतं की टाकीलासुद्धा संशय यावा.

त्याची बायको. चौतीस वर्षं पोस्टाच्या खिडकीमागे बसून गेल्याच महिन्यात निवृत्त झालेली. किराण्याची यादी असो नाहीतर मुलाला पत्र, आधी घडी, मग अक्षर.

तसा दोष कोणाला द्यायचा? पर्माकल्चरचा, म्हणजे निसर्गाच्या रीतीने बाग-शेती आखायचा, दहा दिवसांचा वर्ग, कमीत कमी बारा जण असल्याशिवाय वाचनालयवाले वरचा हॉल देत नाहीत, आणि नावं आली अकरा. रविवारी संध्याकाळी तो घरभर येरझाऱ्या घालत होता – बारावा कुठून आणू, बारावा कुठून आणू – तेव्हा ती कपड्यांच्या घड्या घालता घालता म्हणाली, "मी येते."

"तू?"

"का? वयाची अट आहे?"

मग अटी तिनेच घातल्या. पुढे बसवायचं नाही. बायको म्हणून ओळख करून द्यायची नाही. घरी गेल्यावर गृहपाठ विचारायचा नाही. तिन्ही अटी तो निमूटपणे पाळत होता, आणि ती तीन दिवस त्याला 'सर' म्हणत होती. "सर, एक शंका." "सर, जरा फळ्यावरून बाजूला होता का?" तेहतीस वर्षांच्या 'अहो'मध्ये एवढा आदर कधी नव्हता, आणि एवढा आदर दिसला की शहाण्या माणसाने सावध व्हावं. तो झाला नाही. उलट खूश झाला... गाढवपणा, दुसरं काय.

तिसऱ्या दिवशी कोंबडी. दर वर्गात तिसऱ्या दिवशी तो फळ्यावर कोंबडी काढतो, ती दर वेळी किटलीसारखी दिसते, दर वेळी वर्ग हसतो, आणि त्या हसण्याची आता इतकी सवय झाली आहे की चित्र सुधारायचं तो मुद्दामच टाळतो. किटलीशेजारी तीन रकाने : गरजा, देणं, स्वभाव. कोंबडीला दाणे हवेत, पाणी हवं, लोळायला धूळ हवी, सोबतीला चार कोंबड्या हव्यात. ती अंडी देते, पिसं देते, खत देते. स्वभाव – उकरते. "घटक कुठलाही असो," तो सांगतो, आणि इथे आवाज आपोआप खाली जातो, "तळं असो नाहीतर भिंत, हे तीन रकाने भरले की त्याला कुठे ठेवायचं ते कळतं. ज्याचं देणं कोणी वापरत नाही ते प्रदूषण होतं. आणि ज्याची गरज आपोआप भागत नाही, ती कोणाच्यातरी डोक्यावर काम होऊन बसते." मग वीस मिनिटं : आपल्या घरातला एक घटक घ्या, रकाने भरा, नाव घालू नका, मी सगळे मोठ्याने वाचतो. नऊ वर्षांत त्याने कुत्री वाचली, गळके नळ वाचले, एकदा तर कोणाचीतरी सासू वाचली आणि सगळ्यांत जास्त तोच हसला होता.

सहा कागद वाचून झाले होते. हा सातवा.

'घटक : पुरुष, एक. वय अठ्ठावन्न.'

'गरजा : चहा, चार वेळा. चष्मा शोधून देणारं माणूस. बोलताना समोर कोणीतरी (ऐकत असलंच पाहिजे असं नाही).'

'स्वभाव : उकरतो. जिथे काही लावलेलं असेल नेमकं तिथेच उकरतो. पहाटे पाचला उठतो आणि बाकीचे झोपलेत याचं मोठ्याने वाईट वाटून घेतो.'

'देणं : माहिती. (वापरात नाही.)'

बास. म्हणजे अगदीच बास नाही, माहितीच्या खाली अजून काहीतरी लिहिलेलं होतं, एकच शब्द, फार तर दोन, पण ते खोडलं होतं, आणि कसं खोडलं होतं! आडवं, उभं, तिरपं, पोस्टाचा शिक्का बसावा तसं. ती कधी खोडत नाही. तिच्या यादीत 'साबण' लिहिलं की साबणच. मग हे काय होतं? लिहावंसं वाटलं काय आणि नकोसं झालं काय... दोन्ही एकाच मिनिटात?

"सर, वाचताय ना?" पहिल्या ओळीतले निवृत्त इंजिनिअर म्हणाले. "सातवा आहे."

हा माणूस सगळं मोजतो. हॉलच्या पायऱ्या चोवीस आहेत हे त्यांनी पहिल्याच दिवशी जाहीर केलं होतं. गठ्ठ्यातला एक कागद खाली सरकवला तरी शेवटी म्हणणार, अकराच झाले की! आणि समजा लपवला. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं थोडंच राहतं? तिला तर ठाऊकच आहे. तिने काय लिहिलंय ते फक्त तिला आणि मला माहीत असणार, आणि मी ते वाचलं नाही हेही फक्त तिला आणि मला माहीत असणार, आणि त्या माहितीसकट संध्याकाळी एकाच रिक्षात शेजारी शेजारी बसून घरी जायचं...

त्याने वाचलं. मथळा गाळला, पण काही उपयोग झाला नाही. 'चष्मा शोधून देणारं माणूस' म्हटल्याबरोबर मागच्या ओळीत खसखस पिकली, आणि उकरण्यापर्यंत येईतो तिथल्याच एक नर्सबाई डोळे पुसत होत्या.

"अगं बाई, हे आमच्याकडचेच! कोणी बघितलं यांना?"

"नाही हो, आमचे वडील आहेत हे," दुसरं कोणीतरी म्हणालं.

इंजिनिअर तेवढे हसले नाहीत. त्यांनी कपाळाला आठ्या घालून हिशेब केला असावा. "सर, डिझाइनच्या दृष्टीने सांगतो. मागणी तीन कलमी, देणं शून्य. हा घटक काढून टाकावा आणि त्या जागी काहीतरी उपयोगी लावावं."

अगदी बरोबर उत्तर होतं. दहापैकी दहा. त्याने स्वतः हेच म्हटलं असतं... म्हटलं होतंच की. एकवीस वर्षांपूर्वी, नवीनच शिकून आला होता, अंगात वारं शिरलेलं, आणि दारासमोर तिचे गुलाब होते. आईकडून ओल्या फडक्यात गुंडाळून आणलेली फांदी, तिची चार झाडं झालेली. गुलाबाचे रकाने भरले : गरजा दीड पान, देणं एक ओळ, शोभा. ती कामावर गेली असताना त्याने चारही मुळासकट काढली आणि त्या जागी दगडांचा गोल वाफा रचला. ती संध्याकाळी आली, पिशवी खांद्यावरच होती, दोन मिनिटं बघत उभी राहिली आणि म्हणाली, "चहा ठेवू?" त्याला वाटलं, पटलं हिला. आजतागायत वाटत होतं! परवाच वर्गात त्याने ते फोटो दाखवले, आधी आणि नंतर, आणि 'आधी'चे गुलाब भिंतीवर पुरुषभर मोठे झालेले असताना अंधारात त्याची ही बारावी विद्यार्थिनी खाली मान घालून काहीतरी टिपून घेत होती. मला वाटलं, बघा किती मन लावून शिकते.

"काढायची घाई कशाला?" खिडकीजवळून आवाज आला. तिने हात वर केला होता, पोस्टात गिऱ्हाइकाला थांबवावं तसा. "कुठल्याही जागेत हात घालण्याआधी वर्षभर नुसतं बघा, असं सरच म्हणतात."

"हो, पण लिहिणाऱ्याने बघितलं असेलच की वर्षभर," इंजिनिअर म्हणाले.

"बघितलं असेल. थोडं जास्तच," ती म्हणाली, आणि नर्सबाईंनी एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा त्याच्याकडे, आणि तोंडावर रुमाल धरला.

उरलेले पाच वाचून झाल्यावर मधल्या सुट्टीत तो कागद घेऊन जिन्यातल्या खिडकीशी गेला. उजेडासमोर धरला, उलटा केला, पाठीमागून बोट फिरवून उठाव लागतो का बघितलं – अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, लोक ज्याला लांबून सल्ला विचारायला येतात – आणि एवढं करून हाताला लागलं काय, तर एक वेलांटी. 'आधार'ला वेलांटी नाही. 'गंमत'ला नाही. 'सोबती'ला आहे. 'कटकटी'लाही आहे.

ती पेला हातात घेऊन जिन्यात आली तेव्हा त्याने कागद पाठीमागे लपवला, जणू चोरून कोणाचं पत्र वाचत होता.

"ते खोडलेलं काय होतं?"

"सर, पेपर तपासताना विद्यार्थ्याला असं विचारतात?"

"अगं पण..."

"घरी गृहपाठ विचारायचा नाही असं ठरलंय," ती म्हणाली आणि घोट घेऊन वर गेली. रागावली नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं, रागाचं काय करायचं ते त्याला ठाऊक आहे.

सुट्टी संपल्यावर नर्सबाईंनीच काडी टाकली. आमचे सगळ्यांचे वाचले, सरांचा कुठाय? सरांनीही लिहावा! टाळ्या पडल्या. इंजिनिअरांनी घड्याळ काढून दहा मिनिटं लावली. तो टेबलाशी बसला, आणि खरं सांगायचं तर मनात सूडच होता. लिहितोच आता. 'घटक : स्त्री, एक.' होऊन जाऊ दे.

देणं. हा रकाना भराभर भरला. चहा. चष्मा. दर महिन्याचा पगार, तोसुद्धा मी नोकरी सोडून जंगलं बघत फिरत होतो ती सहा वर्षं. मुलाचा अभ्यास. माझ्या आईचं शेवटचं दुखणं. बारावं नाव... जागा संपली, त्याने बाण काढून मागच्या बाजूला लिहायला सुरुवात केली, आणि लिहिता लिहिता सूड कुठे गेला ते कळलं नाही. स्वभाव : घडी घालते. कमी बोलते. खोडत नाही, एकदा सोडून.

गरजा.

त्याने 'पाणी' लिहिलं आणि खोडलं. झाडाचं उत्तर हे. 'चहा' लिहिलं. सोपं आहे, चहा कोणाला नको असतो – आणि पेन थांबलं, कारण मघाशी जिन्यात तिच्या हातात जो पेला होता त्यात नुसतं गरम पाणी होतं. साधं पाणी. चहा सोडला हिने? कधी? या आठवड्यात, की दहा वर्षांपूर्वी? दिवसातून चार वेळा ती माझ्यासमोर चहा ठेवते, आणि ती स्वतः तो पिते की नाही हे मला सांगता येत नाही! गांडुळाला किती ओल लागते ते झोपेत विचारा. कोंबडीच्या गरजांवर त्याने अडीच पानं छापली आहेत, आकृत्यांसह. आणि इथे सबंध रकाना कोरा, ढळढळीत कोरा. त्याचे कान गरम झाले. लाज वाटली, साधी, शाळकरी लाज. असल्या पेपरला आपण नऊ वर्षं दुसऱ्यांना बसवलं, याची.

त्याने मान वर करून तिच्याकडे बघितलं.

ती डाव्या पायातली चप्पल काढून बसली होती. तळहात गुडघ्यावर दाबून धरलेला. दुखतोय? की नुसतीच सवय? सकाळी तिची खुर्ची भिंतीला टेकून होती, सुट्टीआधी हातभर पुढे आलेली, आणि आता ती पुन्हा, आवाज न करता, बसल्या बसल्या इंचभर सरकली, तेव्हा खिडकीतला उन्हाचा चौकोन तिच्या गुडघ्यावर आला. हे काय धरायचं... गरज की स्वभाव? त्याचं पेन दोन रकान्यांच्या मधल्या रेघेवर उभं राहिलं.

"सर, दहा मिनिटं झाली," इंजिनिअर म्हणाले.

"थांबा हो," तो म्हणाला, जरा जोरातच, आणि सगळे चमकले. तिने इकडे बघू नये, एवढंच त्याला वाटत होतं. बघितलं की ती पाय चपलेत घालणार, नीट बसणार आणि 'काय हवंय?' म्हणणार. ऊन हळूहळू खुर्चीच्या कडेला सरकत होतं. आता ती उठते, की सरकते, की तशीच बसून राहते... तो नुसतं बघत होता, श्वाससुद्धा बेताने घेत.