चाळीस पानं पुढे

रविवारी सकाळी दहाच्या सुमारास भिंगरीच्या आईच्या घरी एक छोटासा कार्यक्रम पार पडत असे. खिडकीजवळच्या टेबलावरची बाळाची लाळेरी उचलायची, तिथे एक जाडजूड पुस्तक उघडून ठेवायचं, त्यातली लाल फीत चाळीस पानं पुढे सरकवायची आणि फोटो काढायचा. फोटोत टेबलाची चांगली बाजू येईल, दुधाचा डाग येणार नाही, हे पाहायचं. मग फोटो ‘पान पुढे’ या ग्रुपवर जाई आणि पुस्तक पुन्हा कपाटावर.

‘पान पुढे’ हा तिसरीच्या पालकांचा ग्रुप. तो काढला होता वर्गातल्या एका मुलाच्या आईने. ती दातांची डॉक्टर, म्हणून सगळे तिला दातवाल्या मॅडम म्हणत. नियम एकच: आपण सध्या काय वाचतोय आणि खूण कुठवर आलीय, हे दर रविवारी प्रत्येकाने दाखवायचं. आईबाप वाचताना दिसले की मुलंही वाचतील, हा हेतू. हेतूत खोट काढायला जागा नव्हती. पहिले दोन रविवार बरे गेले. कुणी कुणाला पुस्तक मागितलं, कुणी दिलं. तिसऱ्या रविवारपासून मात्र पुस्तकाचं नाव मागे पडलं आणि आकडा पुढे आला. कुणाचं किती जाड, कुणाची खूण किती सरकली, कुणाची जिथल्या तिथे. जो मागे पडला त्याला गोड शब्दांत चिमटा, आणि चिमट्याखाली हसरे चेहरे.

भिंगरीच्या आईचं पुस्तक जगातल्या वाळवंटांवरचं होतं. पानं सहाशे बारा. सहा आठवड्यांत तिची फीत दोनशे चाळीसवर पोचली होती. खरं वाचन झालं होतं नऊ पानं. नववं पान चालू असताना दहा महिन्यांचं बाळ पहिल्यांदाच पलंगावरून गडगडलं होतं. साधं टेंगूळही आलं नाही, पण त्यानंतर दहावं पान उघडायची तिची छाती झाली नाही. डोळे पुस्तकात घातले की घरात काहीतरी पडणार, सांडणार, गिळलं जाणार, असं तिला वाटे. दुधाचं तापमान, गॅसचं बटण, भिंगरीची नखं, दप्तरातला डबा, सगळ्यावर तिची नजर. दिवसभर अशी नजर फिरवणाऱ्या बाईला वाचायला वेळ मिळाला नाही, तर त्यात लाजण्यासारखं काय आहे? पण पदवी घेतलेल्या, कॉलेजात वादविवादाची ढाल मिळवलेल्या बाईला ‘पान नऊ’ असं लिहवेना.

आणि स्वतःची खूण खोटी असली की दुसऱ्याची खरी खूण डोळ्यात सलते. तिला सलायची ती शिवणवालीची.

शिवणवालीची मुलगी भिंगरीच्याच वर्गात. शाळेच्या मागच्या गल्लीत तिचं एका शटरचं दुकान होतं. समुद्रात भरकटलेल्या एका जहाजाची कादंबरी ती वाचत होती, आणि तिची खूण, म्हणजे छिटाच्या कापडाची एक पट्टी, दर रविवारी बरोब्बर चार पानं पुढे जाई. चार, आठ, बारा. सहाव्या रविवारी भिंगरीच्या आईने त्या फोटोखाली लिहिलं, ‘जहाज बंदरातून निघालं का, की अजून नांगरच उचलताय?’ तेवीस हसरे चेहरे आले. दातवाल्या मॅडमनी तर दोनदा हसून घेतलं. भिंगरीच्या आईचा तो दिवस फार छान गेला.

शिवणवालीचं उत्तर संध्याकाळी आलं. ‘नांगर उचललाय. वारा मिळाला की निघू.’

पुढच्याच आठवड्यात भिंगरीचा गणवेश आखूड झाल्याची चिठ्ठी शाळेतून आली. दुसऱ्या दिवशी तपासणी. चालत जाण्याच्या अंतरावर शिवणाचं दुकान एकच. भिंगरीच्या आईने फ्रॉक पिशवीत टाकला, बाळाला कडेवर घेतलं, भिंगरीचा हात धरला आणि ओठ घट्ट मिटून त्या गल्लीत शिरली.

शिवणवालीने तिला ओळखलं, पण ओळख दाखवली नाही. फ्रॉकची दुमड उसवून पाहिली आणि वीस मिनिटं थांबा म्हणाली. मग मशीनच्या डाव्या हाताला असलेल्या स्टुलाकडे तिने भिंगरीला मानेनेच खुणावलं. स्टुलासमोर लाकडी फळीला कपड्याच्या चिमट्याने उघडं पुस्तक अडकवलं होतं. ती जहाजाची कादंबरी.

त्या दुकानाची रीत अशी होती: जो थांबेल त्याने वाचायचं, मोठ्याने. शिवणवालीचे हात आणि डोळे दिवसभर सुईखाली अडकलेले. तिची मुलगी वाचे, गिऱ्हाइकांची मुलं वाचत, मीटर बघायला आलेल्या माणसानेही एकदा अर्धं पान वाचलं होतं. जेवढं कानावर पडेल तेवढं वाचन. आठवड्याला चार पानं.

भिंगरीच्या आईला हे तिथे, त्या क्षणी कळलं. तिचे कान गरम झाले. पण तिने मान ताठ ठेवली. माझी मुलगी धडाधडा वाचेल, मग बघ म्हणावं, असं तिच्या मनात आलं. भिंगरीच्या वाचनतक्त्यावर अकरा पुस्तकं होती. वर्गात सर्वांत जास्त.

भिंगरीने सुरुवात केली. ‘पाणी शांत होते. जहाज पुढे जात होते.’ मग ती थांबली. पुढचा शब्द ‘क्षितिजावर’ होता. ती त्याच्याकडे बघत राहिली. मशीन चालू होतं. मग भिंगरीचा आवाज पुन्हा सुरू झाला, अगदी सुरात. समुद्रात एक मोठा मासा आला, जहाजावरच्या राजाने त्याला पाहिलं, राजा म्हणाला, पकडा पकडा. आणि तिने पान उलटलं.

मशीन थांबलं.

“राजा कधी चढला गं जहाजावर?” शिवणवालीने विचारलं. “मागच्या बंदरापर्यंत तर नव्हता.”

“अक्षर बारीक आहे,” भिंगरीची आई घाईने म्हणाली. “आणि तिला सवय चांगल्या छपाईच्या पुस्तकांची आहे.”

शिवणवालीने तिच्याकडे पाहिलंच नाही. “पान का उलटलंस? अर्धं राहिलं होतं.”

“वीस आकडे झाले ना, काकू,” भिंगरी म्हणाली. तिच्या आवाजात चोरी नव्हती, उलट समोरच्या बाईला एवढीशी गोष्ट ठाऊक नाही याचं नवल होतं. “मनात वीस मोजायचे आणि पान उलटायचं. शेवटी खूण घालायची. आई तर मोजतसुद्धा नाही. ती रविवारी एकदम चाळीस उलटते.”

दुकानात आणखी दोन बायका होत्या. त्यातली एक हसली. हसणं लपवायला तिने पदर तोंडाला लावला, त्यामुळे ते जास्तच दिसलं.

माणूस उघडा पडला की आधी लाजत नाही, आधी चवताळतो. भिंगरीची आई चवताळली. पोरांना दुकानात राबवून घेता, वर त्यांची परीक्षा घेता, असं बरंच काही ती बोलली. तिच्या आवाजाने बाळ रडायला लागलं. शिवणवालीने दोरा दातांनी तोडला, फ्रॉक झटकला आणि ती उभी राहिली.

“झालं बोलून? आता माझं ऐका, ताई. तुम्ही मला ग्रुपवर हसलात, त्याचं मला काही वाटलं नाही असं म्हणणार नाही. वाटलं. माझ्या मुलीनेही ते वाचलं. पण ते सोडा. सध्या काय वाचतेय हे सांगायचं कशासाठी असतं? मी इथवर आलेय, तुम्ही कुठे आहात, अशी ती हाक असते. तुम्ही शिकलेल्या लोकांनी तिची शर्यत केलीत. माझी चार पानं आहेत, पण पक्की टीप घातलेली आहेत. तुमचा नुसता धावदोरा. धावदोऱ्यावरचा कपडा मी कुणाला अंगात घालायला देत नाही. पहिल्याच ओढीला उसवतो. आणि तुम्ही तो पोरीला घालून शाळेत पाठवताय.”

भिंगरीच्या आईने फ्रॉक घेतला आणि ‘येते’ही न म्हणता ती निघाली.

वाटभर ती मनातल्या मनात भांडत होती. चार पानांची बाई मला शिकवणार! पण घरी पोचल्यावर तिने दार लावलं, भिंगरीच्या अकरा पुस्तकांतलं सगळ्यात सोपं काढलं आणि तिला जवळ बसवलं. दुसऱ्याच ओळीत जोडाक्षर आलं, भिंगरी थांबली, आणि चित्राकडे बघून तिने ओळ स्वतःच तयार केली. पुढचं पुस्तक, तेच. त्याच्या पुढचं, तेच. काना, मात्रा येत होत्या. त्यापलीकडे सगळी जुळवाजुळव.

चाचणीनंतर वर्गबाईंनी वहीत लिहून पाठवलं होतं, ‘वाचनाकडे लक्ष द्यावे.’ तेव्हा भिंगरीच्या आईने शाळेत जाऊन त्यांना वाचनतक्ता दाखवला होता, आणि तुमचं वर्गात लक्ष असतं का, असं चार बायकांसमोर विचारलं होतं. बाई वही मिटून वर्गात निघून गेल्या होत्या. तो विजय आता तिला बोचला. नखं बघितली, डबा बघितला, दुधाचं तापमान बघितलं, आणि शेजारी बसून लेक पुस्तक ‘वाचत’ होती, ते मात्र दिसलं नाही! कारण मुलीच्या हातात पुस्तक दिसलं की तिला हायसं वाटे. नजर तिथून पुढच्या काळजीकडे सरके.

रविवार आला. दहाला भिंगरीने स्वतःच लाळेरी उचलली, कपाटावरून पुस्तक काढलं आणि फीत बोटांत धरून विचारलं, “आई, आज किती पुढे?”

भिंगरीच्या आईने पुस्तक आपल्याकडे ओढून घेतलं. मग तिने फीत दोनशे चाळीसव्या पानातून काढली आणि नवव्या पानात ठेवली.

“मागे आणायची असते?” भिंगरीने विचारलं. तिचे डोळे मोठे झाले होते.

“जिथे आहोत तिथे ठेवायची असते,” आई म्हणाली. “मी खोटं दाखवत होते. आणि ते बघून तूही शिकलीस. चूक माझी आहे, तुझी नाही.”

ग्रुपवर तिने फोटो टाकला आणि लिहिलं, ‘सध्या वाचत आहे: पान नऊ. आधीचे सगळे आकडे खोटे होते. माझ्या मुलीला जोडाक्षरं वाचता येत नाहीत, हे मला या आठवड्यात कळलं. जहाजावरच्या शेऱ्याबद्दल मी माफी मागते. वर्गबाईंची माफी उद्या समोर जाऊन मागेन.’

 अर्ध्या तासाने दातवाल्या मॅडमनी लिहिलं की अशा घरगुती गोष्टी इथे नकोत, ग्रुपचं वातावरण बिघडतं. एकीने तिच्या मजकुराचा फोटो काढून दुसऱ्या ग्रुपवर फिरवला, हेही तिला दुपारपर्यंत समजलं. कुणीतरी खासगीत लिहिलं, ‘माझीही पन्नास पानं खोटीच आहेत, पण तू बोलायला नको होतंस. आता माझा मुलगा मला विचारतोय.’ तिला वाईट वाटलं. पण फीत तिने पुन्हा पुढे सरकवली नाही.

सगळ्यात शेवटी शिवणवालीचं उत्तर आलं. माफ केलं असं त्यात कुठेही नव्हतं. ‘उद्या चारला या. मुलीला आणा. स्टूल रिकामं ठेवते. तुम्ही थांबलात तर तुम्हालाही वाचावं लागेल.’

दुसऱ्या दिवशी भिंगरी स्टुलावर बसली. शिवणवालीने ‘क्षितिजावर’ हा शब्द शिवणाच्या खडूने गडद कापडावर मोठा काढून दिला, तोडून, एकेक अक्षर. पंधरा मिनिटांत तीन ओळी झाल्या. राजा आला नाही, मासाही आला नाही. मग आईने वाचायला घेतलं. बाळ चिंध्यांच्या गाठोड्यावर बसून रिकाम्या रिळाशी खेळत होतं आणि पडलं नाही. पान संपत आलं तेव्हा वादळ उठलं, शीड फाटलं, आणि भिंगरीची आई अभावितपणे पुढचं पान उलटून वाचतच सुटली.

“हळू,” शिवणवाली म्हणाली. मशीन चालूच होतं. “मागची ओळ पुन्हा घ्या. मला ऐकू आली नाही.”

तिने मागची ओळ पुन्हा घेतली.

वाचकहो, आपण काय वाचतोय हे जरूर सांगावं. पण सांगताना खूण आपल्याच पानावर ठेवावी, आणि मागच्या पानावर असलेल्याला हसू नये. आपली मुलं आपण काय वाचतो ते पाहत नाहीत. आपण पान कसं उलटतो, ते पाहतात.