चांदीची शीळ

रेजने धातुशोधक यंत्राची तबकडी धसकटांवरून डावीकडून उजवीकडे फिरवली आणि पाऊल पुढे टाकलं.

"काही नाही," तो म्हणाला.

मागून थर्मास घेऊन येणारी माव्हिस जागीच थांबली. यंत्र बोललं होतं. बारीक, उंच शीळ.

'लोखंड गुरगुरतं, चांदी शीळ घालते.' तीस वर्षांपूर्वी चॅपलमागच्या याच शेतात त्याने तिला हे शिकवलं होतं. सुट्या पैशांसाठी जुन्या काळी दोन तुकडे केलेल्या एका चांदीच्या नाण्याचा अर्धा भाग त्या दिवशी मिळाला. घरी येईपर्यंत रेजने मूठ उघडली नव्हती.

"दोन वर्षं झाली, नुसते खिळे," रेज पुढून बोलला. "शेत रितं झालं. मंगळवारी यंत्र शोधकांच्या क्लबला देऊन टाकतो."

"आणि घरी बसून करशील काय?"

"तुझा मुरांबा लागू नये म्हणून कुणीतरी ढवळायला हवंच की."

शेत रितं झालं नव्हतं. केटलची शिट्टी वाजली, तरी रेज शेजारी वर्तमानपत्र वाचत बसायचा. माव्हिस गुपचूप केटल उतरवायची. वसंतात ती म्हणाली होती, चंडोल गातोय बघ, तेव्हा त्याने भलत्याच दिशेला पाहून मान डोलावली होती. शेताने पाठ फिरवली, एवढंच त्याला वाटत होतं. पण त्या वाटण्यानेच तो वाकत चालला होता.

आज रविवार. सकाळच्या प्रार्थनेपासून झोपेपर्यंत खोटं बोलायचं नाही, हा माव्हिसचा लग्नाआधीपासूनचा नेम. तिने ओठ हलवून आधीच क्षमा मागितली.

"रेज, थांब जरा. माझं बटण पडलं. इथंच कुठंतरी."

"बटणासाठी यंत्र? क्लबातल्यांनी पाहिलं तर वर्षभर चिडवतील."

कुरकुरत तो परतला. तबकडी तिच्या बुटाजवळून गेली, शीळ वाजली. रेजचा चेहरा तसाच.

"इथं," माव्हिसने बुटाच्या टोकाने दाखवलं.

गुडघे टेकून त्याने माती तीन बाजूंनी कापली, झाकणासारखी उलटली आणि बोटांनी चाचपू लागला. मग बोटं थांबली. तळहातावर नखाएवढा करडा तुकडा होता, एक कड सरळ कापलेली. त्याने तो चोळला नाही. चोळायचं नसतं, मातीने चरे पडतात.

"त्या अर्ध्याचा जोडीदार?" तिने विचारलं.

"छे. नाण्यावरचा राजा वेगळा आहे."

त्याने तुकडा डबीत ठेवला, खड्डा बुजवला, वरून बुटाने दाबला. उठताना त्याची नजर माव्हिसच्या कोटावर गेली. गळ्यापर्यंत ओढलेली चेन. बटण एकही नाही.

त्याने हातातल्या यंत्राकडे पाहिलं, मग तिच्या कानांकडे.

"चहा घेतोस?" तिने थर्मासचं झाकण फिरवलं.

"नंतर." त्याने यंत्र आपल्या हातातून सोडवलं, तिच्या कोपराला लावलं आणि पट्टा आवळून बसवला. थर्मास काखेत मारला, खुरपं हातात घेतलं.

"तू पुढे चाल," तो म्हणाला. "शीळ आली की थांब. मी खणतो."

चार पावलांवर तो पुन्हा बोलला.

"आणि चंडोल गायला लागला, तर तेही सांग. कुठल्या बाजूला, ते."