डबा तं रिकामा येते

अमिता मले सौसरच्या बाजारात भेटली अन् भेंडी निवडता निवडताच तिनं मले धरलं. तिचे मालक मनोहरभाऊ अन् आमचे हे, नाव घ्याचं तं गजेंद्र, दोघंबी बोरगावच्या एका कारखान्यात मेंटेनन्सले आहेत. अमिता म्हणे, तू डाळभाजीत काय टाकते माय, सांगून दे एकदाची, आमचे हे घरी आले का माह्या भाजीले नावं ठेवतात. मी फुगली. कोण नाही फुगणार? मग ती हसत हसत बोलून गेली का गजाभाऊ तं डबा उघडून सगळ्याइच्या मधात ठेवतात अन् उठून चालले जातात, एक घासबी खात नाहीत. वरून डोळा मारून म्हणे, पाहाय बाई, कोण्या दुसरीच्या हातचं तं खाऊन नाही राहिले!

घरी येईस्तोवर माह्या डोक्यात भुंगा लागला. भेंडी तं मी बाजारातच विसरून आली होती.

आता मी काही आंधळी नव्हती. दिवाळीपासून हे संध्याकाळी जेवाले बसले का दोन घास चिवडत अन् ताट सरकवत. कंपनीत जास्त झालं म्हणत. पट्ट्याले खिळ्यानं नवीन भोक पाडलं. टीव्हीवर क्रिकेट लागलं का पहिले अंपायरच्या सात पिढ्याइचा उद्धार करत, आता मॅच सुरू राहे अन् हे भिंतीकडे पाहत राहत. संत्र्याच्या बगीच्यात एक चक्कर मारून या म्हटलं, तं पाहू म्हणत. मी भांडली, नवस बोलली, सासूबाईनं मीठ-मिरच्या ओवाळून नजर काढली. पण डबा घासाले घेतला का जीव थंड होत होता. पोळीचा एक तुकडा उरेल नसे. म्हटलं, माणूस दुपारी पोटभर जेवते ना, मग बाकीचं होईल बरोबर.

अन् आता ही अमिता म्हणते का जेवतच नाहीत!

त्या डिपार्टमेंटात बाई नावाले नाही, सगळे बाप्ये. पण गेटासमोर चहाची टपरी आहे अन् टपरीवर एक बाई बसते, हे मले भांडे घासता घासता आठवलं. झालं. हातातली भाताची गंजी मी अशी आपटली का सासूबाई देवघरातून उठून आल्या.

सकाळी मी डाळभाजी केली अन् त्यात मीठच टाकलं नाही. संध्याकाळी डबा आला. रिकामा. भाजी कशी झालती, मी इचारलं. हे जोडे काढता काढता म्हणाले, मस्त झालती. वर पाहिलंबी नाही. माह्या अंगाचा असा भडका उडाला का काय सांगू, पण मी दात दाबून चूप बसली. म्हटलं, असं नाही. रंगेहाथ पकडीन.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीले मी बोरगावले उतरली अन् पहिले टपरीवर गेली. टपरीवाली बाई माह्या आजेसासूच्या वयाची निघाली, तोंडात दात नाही. तिनं मले पोरी म्हणून स्टूल सरकवला. मले लाज वाटली अन् हायसंबी वाटलं. पण मग हे जातात कुठं?

चौकीदार म्हणे, बाईमाणसाले आत परवानगी नाही. मी म्हटलं, मले आत याचंच नाही, माह्या माणसाले बाहेर पाठव. पहिले मनोहरभाऊ आले, हात ओलाच होता. मले पाहून हसले. म्हणे, वहिनी, काल मीठ विसरल्या वाटते, आम्ही वरून टाकून घेतलं, गजानं सांगतलं होतं का घरी कोणी बोलू नका, तिले वाईट वाटीन.

मी इचारलं का मग हे काय खातात अन् कुठं खातात. मनोहरभाऊचं हसणं थांबलं. हळूहळू सांगाले लागले. हे काहीच खात नाहीत. भंगाराच्या ढिगामागं भिंतीले टेकून बसून राहतात, भोंगा वाजला का उठून मशीनवर जातात. एकदा सगळ्याइनं इचारलं होतं का बाबा, झालं काय. त्यात कोणी तरी म्हटलं, बायकोनं झोडपलं असन. सगळे हसले. हेबी हसले. मग कोणी इचारलं नाही.

“काम तं बरोबर करून राहिला होता वहिनी,” मनोहरभाऊ म्हणाले. “आम्हाले काय समजते.”

मग हे आले. भर उन्हात उभे पाहिले तेव्हा मले दिसलं का गालाची हाडं वर आली आहेत. घरात रोज पाहून मले कसं दिसलं नव्हतं, देव जाणे. तू काऊन आली, घरी सगळं बरं आहे ना, म्हणाले. मी काही पाणी घालून बोलली नाही. सरळ इचारलं का डबा लोकाइले चारून मले मस्त झालती म्हणून काऊन सांगता.

हे टपरीच्या बाकावर बसले.

“मले भूक नाही लागत, मानसी. कशाचीच नाही लागत. पण रिकामा डबा तू उघडून पाहिला का तुह्या तोंडावर जे येते ना, तेवढं पाहाले मी घरी येतो. नाहीतं गेटातून निघालो का पाय कोणत्याच बाजूले वळत नाही.”

“अन् डबा भरेल आला असता तं?”

रस्त्यावरून ट्रक जाऊन राहिले होते, हे तिकडे पाहत राहिले. सवतीच्या भीतीनं मी एवढ्या दूर आली होती, अन् आता वाटलं, सवत असती तं बरं झालं असतं.

“मले नाही, तं मनोहरभाऊले तरी सांगाचं.”

“सगळे हसले तं मीबी हसलो. एकदा हसलं का मग सांगता येत नाही.”

गेटावर पाच-सहा जण जमले होते. त्यातला एक ओरडला, काय गजाभाऊ, वहिनी पकडून न्याले आल्या काय! बाकीचे खिदळले. अन् हेबी हसाले लागले. मी त्या हसण्याकडे पाहिलं. नुसते दात होते. मले अशी चीड आली का मी भर रस्त्यात बोलली.

“हे हसून राहिले म्हणून तुम्ही हसू नका. ह्यायची तब्येत खराब आहे. मी डॉक्टरकडे घेऊन चालली.”

ह्यायनं मान खाली घातली. मनोहरभाऊ म्हणे, जा वहिनी, सायबाले मी सांगतो.

नागपूरची बस आली. माह्या भावाचा साळा असाच झालता, तो तिथल्या डोक्याच्या डॉक्टरची गोळी घेऊन सुधरला, हे मले माहीत होतं. हे खिडकीजवळ बसले. गाडी मोठ्या रस्त्याले लागली तेव्हा हळूच म्हणाले का डॉक्टरले सांगाचं काय, ना ताप ना काही दुखते. मी म्हटलं, मले जे सांगतलं तेच सांगा.

“दुसऱ्यांदा नाही होणार माह्यानं.”

“तं मी सांगीन. तुम्ही फक्त बाजूले बसा.”

मग हे रडाले लागले. भरलेल्या गाडीत, मोठ्यानं. कंडक्टरनं वळून पाहिलं, समोरच्या सीटवरचं लेकरू उभं राहून पाहाले लागलं. मी त्यायले चूप व्हा म्हटलं नाही.