वादळांच्या नकाशावर मॉमॉची रेघ

मित्रांनो, मी एक जुना नकाशा आहे. साधासुधा नव्हे हं, वादळांचा नकाशा! लुइझियानातल्या हूमा गावात दरवर्षी जून उजाडला की किराणा दुकानदार सामानाच्या पिशवीत माझ्यासारखे नकाशे फुकट टाकत. निळा समुद्र, त्यावर आडव्या-उभ्या रेघांची जाळी आणि कोपऱ्यात कोळंबीवरच्या सवलतीची जाहिरात, असं माझं रूप. वादळांचे महिने संपले की माझे भाऊबंद कचऱ्यात जात. मला मात्र ओडाली गिड्री या आजीबाईंनी फ्रिजच्या दारावर लावलं आणि सहा वर्षं काही खाली उतरवलं नाही.

त्यांना घरात मॉमॉ, म्हणजे आजी, म्हणत. सकाळी दहाला आणि दुपारी चारला रेडिओवर वादळाचा अक्षांश-रेखांश सांगत. मॉमॉ केसांत खोवलेली पेन्सिल काढत, माझ्या जाळीवर बोट फिरवत आणि ठिपका देत. ठिपक्याला ठिपका जोडला की वादळाची वाट दिसे. अशा सात वाटा माझ्या अंगावर होत्या. घरात रंगीत टीव्ही आला तेव्हा त्यांचा मुलगा वेंडेल म्हणालाही, "आई, आता ते कळकट फडकं काढ की!" मला फार वाईट वाटलं होतं. पण मॉमॉ म्हणाल्या, "टीव्ही घाबरवतो. हा नुसतं सांगतो." माझी छाती तेव्हा केवढी फुगली!

पंचविसाव्या अक्षांशावर मॉमॉंनी लाल रेघ मारली होती. ठिपका तिला टेकला आणि वाट हूमाकडे वळलेली दिसली की खिडक्यांना फळ्या ठोकायच्या आणि पत्र्याची पेटी गाडीत ठेवायची, हा घरचा नियम. पेटीत घराचे कागद, लग्नाचे फोटो आणि आजोबांचं घड्याळ. बहात्तर वर्षांत मॉमॉंनी नऊ वेळा गाव सोडलं होतं आणि नऊही वेळा वादळापुढे पळत. हौसेनं एकदाही नाही.

म्हणूनच त्या ऑगस्टमध्ये सूनबाई रोनेटनं ऑर्लँडोच्या एका भल्यामोठ्या करमणूक बागेचं पत्रक टेबलावर ठेवलं, तेव्हा घरात एकच कल्ला झाला.

"सप्टेंबरात जाऊ," रोनेट म्हणाली. "हॉटेल निम्म्या दरात आणि पाळण्यांना रांगाच नाहीत!"

"रांगा नाहीत, कारण शहाणी माणसं सप्टेंबरात घर सोडत नाहीत," मॉमॉ म्हणाल्या.

"आई, तू तर घर सोडतेस ते सप्टेंबरातच," वेंडेलनं चिमटा काढला.

मॉमॉंनी त्याच्या पाठीत धपाटा घातला, पण हातात घेतलेलं पत्रक काही खाली ठेवलं नाही. रोलर कोस्टरच्या चित्रावर बोट ठेवून त्यांनी हळूच विचारलं, "यात म्हाताऱ्यांना बसू देतात का गं?"

"मॉमॉ, तू माझ्या शेजारी बसायचं!" दहा वर्षांची नात सेलेस्ट ओरडली.

"बसेन. एकदा तरी मला गाव सोडताना रडायचं नाहीये, पोरी."

मग काय विचारता! पत्रक माझ्या शेजारी चिकटलं. मॉमॉंनी पिवळी टोपी आणली आणि ती घालूनच त्या भांडी घासू लागल्या. रोज संध्याकाळी आजी-नात खुर्च्या मागेपुढे मांडून रोलर कोस्टरवर किंचाळायची तालीम करत. मीही मनातल्या मनात किंचाळून घेई.

निघायला चार दिवस उरले आणि आखातात वादळ शिरलं. नाव मिल्ड्रेड.

"माझ्या सासूचं नाव!" मॉमॉ म्हणाल्या. "मग ऐन वेळी टपकणारच."

रविवारी सकाळी दहाला रेडिओ बोलू लागला तेव्हा मॉमॉ गम्बो नावाच्या दाट रश्शासाठी तेलात पीठ परतत होत्या. ढवळणं क्षणभर थांबलं तरी ते करपतं. त्यांनी पेन्सिल सेलेस्टकडे दिली. "ऐक नीट आणि ठिपका दे."

पंचवीस उत्तर, साडेत्र्याण्णव पश्चिम. आधीचा ठिपका होता साडेब्याण्णववर. सेलेस्टनं एक घर मोजलं, पण उजवीकडे! शाळेच्या फूटपट्टीवर आकडे उजवीकडे वाढतात ना? माझ्यावर पश्चिमेचे आकडे डावीकडे वाढतात. अगं बाळे, उलट, उलट! मी ओरडत होतो, पण कागदाला कुठला आवाज? ठिपका लाल रेघेवर पडला आणि वाट सरळ हूमाकडे वळली.

मॉमॉंनी लांबूनच पाहिलं. गम्बो झाल्यावर त्यांनी टोपी खुंटीला अडकवली आणि पलंगाखालून पेटी ओढली. वेंडेल शिडी घेऊन खिडक्या ठोकायला गेला.

"तसंही पळायचंच आहे, तर ऑर्लँडोलाच पळू," रोनेट समजावत होती.

"नको गं. या पेटीबरोबर मी नऊ वेळा गेलेय. ही गाडीत असली की ती सहल नसते." मॉमॉंनी पेटीला कडी लावली. सेलेस्ट माझ्यासमोर उभी राहून हुंदके देत होती आणि मला माझ्या गप्प राहण्याचा इतका राग कधीच आला नव्हता.

चार वाजले. या वेळी मॉमॉंनी स्वतः ठिपका दिला. तो कुठल्या कुठे डावीकडे पडला! त्यांनी भुवया वर केल्या, सकाळच्या ठिपक्यावर नख ठेवलं आणि माझ्या तळाचे आकडे मोजले. एकदा. दोनदा.

"सेलेस्ट, हे वादळ आहे की बेडूक? सहा तासांत एवढी उडी?"

सेलेस्टनं जीभ चावली. मॉमॉ असं खदाखदा हसल्या की माझे चारही चुंबक थरथरले. मिल्ड्रेड तर सकाळपासून टेक्सासच्या दिशेनं निघाली होती!

"आई, मी अकरा खिडक्या ठोकल्या!" वेंडेल शिडीवरून ओरडला.

"छान झालं. सहलीला जाताना घर बंदच करतात."

मॉमॉंनी टेक्सासच्या लोकांसाठी मेणबत्ती लावली. मिल्ड्रेडही तिथल्या ओसाड किनाऱ्यावर नुसता पाऊस पाडून विरली. मंगळवारी सकाळी पेटी टेबलावर राहिली आणि तिच्या जागी गाडीत गेलो मी! सहा वर्षांत पहिल्यांदा मी फ्रिजवरून उतरलो होतो. वाटेत रोज दहाला आणि चारला सेलेस्ट आमची गाडी जिथे असेल तिथे ठिपका देई, हिरव्या पेन्सिलीनं, आकडे नीट मोजून. रोलर कोस्टरमध्ये मी मॉमॉंच्या पर्समध्ये होतो. तालमीतली किंकाळी काहीच नव्हती, एवढंच सांगतो. उतरल्यावर टोपी वाकडी झालेल्या मॉमॉ म्हणाल्या, "पुन्हा!"

मित्रांनो, आता माझ्या घड्या फाटल्या आहेत आणि निळा समुद्र पांढुरका पडला आहे. सेलेस्टनं मला काचेमागे जपून ठेवलं आहे, म्हणून मी आज तुमच्याशी बोलतो आहे. तुमच्याही घरी एखादा जुना कागद असेल, तर टाकण्याआधी एकदा उजेडात धरून पाहा. माझ्यावर आठ रेघा समुद्राकडून आल्या आहेत. नववी हिरवी रेघ तेवढी घरातून निघते, आणि तिच्या टोकाशी वादळाच्या नावाच्या जागी सेलेस्टनं आपल्या मॉमॉचं नाव लिहिलं आहे: ओडाली.