न पाडलेली तीनशे झाडं

"झाड काही कागद वाचत नाही, सूनबाई," असं करवतमामा मला म्हणाले होते, आणि मी हसले होते.

करवतमामा आमच्या गावातले झाडं तोडणारे. मशीनच्या आवाजानं एक कान गेलेला, त्यामुळं ते हळू बोलले तरी अर्ध्या गावाला कळतं. त्या दिवशी ते आमच्या विहिरीवर कललेलं वाळकं झाड उतरवायला आले होते. वारा असा सुटलेला, की तोंड उघडलं तर दाताखाली माती कचकचायची. मामांनी झाडाभोवती दोन चकरा मारल्या, शेंड्याकडं बघितलं, पडायच्या बाजूला खाच घेतली आणि मग मागून मशीन लावलं. मी फोन धरून उभी होते. नुसते हातच दिसतील, असा. झाड पडल्यावर ह्यांना मामांचं जाकीट घातलं, मशीन हातात दिलं, एक पाय खोडावर ठेवायला लावला आणि चेहऱ्यासकट टिपलं. मग दोन्ही तुकडे जोडले. हात मामांचे, तोंड माझ्या नवऱ्याचं.

"मामा, सगळेच थोडं फुगवून लिहितात," मी म्हणाले.

"लिही बाई. पेनानं कुणी मरत नाही," म्हणाले, आणि जाकीट मागून घेतलं.

परदेशातल्या एका कंपनीला जंगलात झाडं तोडायला माणसं हवी होती; तिच्या दलालानं फॉर्म आणि काम करतानाचा व्हिडिओ मागितला होता. फॉर्म मी भरला. घरात कॉलेज बघितलेली मी एकटीच. मांडीवर दीड वर्षाची लेक पेन ओढत होती. फॉर्मवर दोन चौकटी होत्या. एक तरबेज कामगारांची, तिच्यात स्वतः किती झाडं पाडली त्याचा आकडा लिहायचा. दुसरी शिकाऊंची. तिच्याखाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, की अनुभव नसला तरी घेऊ, आधी दोन महिने जुन्या माणसाच्या हाताखाली ठेवू.

मी ते वाचलं नव्हतं असं नाही. दोनदा वाचलं. पण बत्तीस वर्षांच्या नवऱ्याच्या नावापुढं 'शिकाऊ' लिहायला मला लाज वाटली. मी तीनशे लिहिलं.

"अगं, तीनशे?" हे म्हणाले. "मी जन्मात फांद्या छाटल्यात नुसत्या."

"फांद्या धरल्या तर तीन हजार होतील."

"शिकलेली आहे ती, तिला कळतं," सासूबाई आतून म्हणाल्या. हे गप्प बसले. शिकलेल्या बायकोपुढं गप्प बसायची त्यांना सवय, आणि मला त्या सवयीचा अभिमान.

ह्यांचं जमलं म्हटल्यावर आठ दिवसांत नणंदेचा नवरा दारात. हा शिंपी. सगळं गाव त्याला मास्तर म्हणतं. गळ्यात टेप, ओठात दोरा, बोलताना मान खाली. तयार कपड्यांचं दुकान आलं आणि ह्याच्या मशीनवर धूळ बसली.

"वहिनी, माझाही एक लिहाल?"

"मास्तर, करवत धरलीय का कधी?"

"कापायचंच तर आहे. खूण करून कापायचं. माप चुकलं तर कापड वाया जातं, लाकूड तरी जोडता येत असेल." आणि स्वतःच हसला. मग म्हणाला, "तुम्ही लिहाल ते बरोबरच असणार."

मी ह्यांचाच फॉर्म उतरवून काढला. तोच आकडा नको म्हणून दोनशे ऐंशी केलं. हुशारी बघा माझी. व्हिडिओतले हात पुन्हा मामांचेच.

दोघांना वेगवेगळ्या डोंगरांवर पाठवलं. एकमेकांपासून दोन दिवसांची वाट.

पुढचं मला ह्यांच्याकडून कळलं, तेही ते गेल्यावर तीन आठवड्यांनी. दुपारच्या सुट्टीत व्हिडिओ कॉल आला. चित्रात ह्यांचा डावा हात गळ्यात अडकवलेला.

"काय झालं?"

"झाड मागं बसलं. खाच उथळ झाली होती. खोड उभं फाटलं आणि खांद्यावर आलं. बोटभर इकडं असतं तर डोकं होतं."

मागं दोर लावून फांद्या ओढणारी माणसं दिसत होती, लाल टोप्या घातलेली.

"ते शिकाऊ," हे म्हणाले. "त्यांना एकट्यानं झाडाला हात लावू देत नाहीत. तरबेज लोकांना उतारावर एकटं सोडतात. मी मुकादमाला खरं सांगून टाकलं. म्हटला, मग आधीच का नाही लिहिलंस, आम्ही शिकवलं असतं. हाड जुळलं की मलाही लाल टोपी." मग म्हणाले, "मास्तरचं काय गं?"

कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात. तो दांडा माझ्याच पेनाचा निघाला.

मास्तरला फोन लावला. चौथ्या दिवशी लागला. वाऱ्याचा आवाज, त्यात त्याचा बारीक आवाज. "मजेत आहे वहिनी. अजून मोठ्या झाडाची पाळी नाही आली. पुढच्या आठवड्यात वरच्या उतारावर नेणार आहेत."

"मास्तर, मुकादमाला खरं सांगा. काही होत नाही. ह्यांनी सांगितलं."

"इथं सगळे मला मान देतात हो," तो म्हणाला. "गावात दोन वर्षं कुणी दिला नव्हता." आणि फोन कटला. त्यानंतर लागलेला नाही. कंपनीला मी खरं लिहून कळवलं, तर पत्र मिळाल्याची पोच आली, बस. दलाल म्हणतो, ताई, झाकली मूठ कशाला उघडता?

नणंद सातव्या महिन्यात, आमच्याकडंच आहे. परवा उंबऱ्यात बसून झबल्याला काजं करत होती. मी समोर बसले आणि सगळं सांगितलं. चौकटी, बारीक अक्षरं, दोनशे ऐंशी.

तिनं सुई कापडात खोचून ठेवली. "म्हणजे तू वाचलं होतंस."

"वाचलं होतं."

"आणि दादाचा हात मोडल्याचं कळून आज किती दिवस झाले?"

"अकरा."

"अकरा दिवस तू मला चहा करून देत होतीस, वहिनी."

ती रडली नाही. रडली असती तर मला निदान पाणी तरी देता आलं असतं.

"मला एकटीला सांगून काय होणार?" ती म्हणाली. "मी पोट घेऊन डोंगर चढू? तुला लिहिता येतं ना? मग आता खरं लिही. चारचौघांना वाचू दे."

म्हणून हे लिहिते आहे. तुमच्यापैकी कुणी तिकडं लाकडाच्या कामावर असाल, किंवा तुमचं कुणी असेल, तर वरच्या उतारावर एका बारीक माणसाचा शोध घ्या. चाळिशीच्या आतला, मान किंचित पुढं झुकलेली, उजव्या हाताच्या मधल्या बोटाला सुईनं पडलेला घट्टा. मास्तर म्हणून हाक मारलीत तर लगेच वळेल. मजेत आहे म्हणेल. ऐकू नका. त्याच्या हातात काय आहे ते बघा. दोर असला तर मला कळवलं नाहीत तरी चालेल. करवत असली तर आधी ती काढून घ्या, आणि मुकादमाला सांगा, की खोटं ह्या माणसानं लिहिलेलं नाही, त्याच्या मेहुण्याच्या बायकोनं लिहिलंय. हवं तर हा कागदच त्याच्यापुढं धरा.