साध्या मोडमधला माझा ड्रायव्हर

मी एक जुना गेम कंट्रोलर आहे. या घरातले बाबा मला 'हँडल' म्हणायचे. त्यांची सगळी नोकरी बस चालवण्यात गेली. त्यामुळे हातात धरून वळवायची कुठलीही वस्तू त्यांच्या लेखी हँडलच.

मित्रांनो, तो अगदी साधा दिवस होता. लेक कामावरून आली आणि पर्स खाली ठेवायच्या आधीच तिने हेडफोन कानाला लावले. तिच्या ऑनलाइन गेमच्या टीममधला एक जण आज खेळायला येणार नव्हता. बाबांनी अंदाज घेतला.

"आज जागा आहे वाटतं?"

"आज नको, बाबा. तुम्ही अजून थोडे दिवस साधा मोडच खेळा."

"बरं," ते म्हणाले. त्यांनी मला रुमालाने पुसलं, चार्जिंगला लावलं आणि ते भाजी निवडायला बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते उठलेच नाहीत.

मी कारखान्यातून निघालो तेव्हा माझ्या दोन्ही स्टिक, म्हणजे अंगठ्याने ढकलायच्या छोट्या दांड्या, मधोमध ताठ उभ्या होत्या. अंगठा उचलला की पडद्यावरचा शिपाई जागच्या जागी थांबायचा. लेकीने मोठ्या हौसेने मला घरी आणलं, माझे खूप लाड केले. पुढे नवा कंट्रोलर आला आणि माझी रवानगी खणात झाली. तिथून मला बाहेर काढलं ते निवृत्त झालेल्या बाबांनी.

"मलाही शिकव की. जन्मभर पुढे बसलो, आता जरा तुझ्या मागे बसतो."

लेकीने त्यांना साधा मोड लावून दिला. खऱ्या सामन्यात प्रत्येकाकडे काहीतरी खास ताकद असते. कोणी ढाल उभी करतो, कोणी धूर सोडतो, कोणी जखमी सोबत्याला बरं करतो. नवशिक्याला कुठे बघावं तेच सुचत नाही. साध्या मोडमध्ये यातलं काही नसतं. सपाट मैदान, सगळ्यांना सारखी बंदूक आणि मेलात तरी क्षणात पुन्हा उभे. हरण्याची धास्ती नसल्यामुळे बोटं आपली आपण शिकत जातात.

सुरुवातीला बाबा वळणावर अख्खे कलंडायचे. "पायाखाली काय चाचपताय? ब्रेक?" असं म्हणून लेक हसायची. हळूहळू त्यांना एका अंगठ्याने चालणं आणि दुसऱ्याने आजूबाजूला बघणं जमू लागलं. गोळ्या मात्र ते फारशा झाडत नसत. आपल्या बाजूचा एखादा शिपाई निवडायचा आणि तो नजरेआड होऊ न देता त्याच्या मागे राहायचं, एवढाच त्यांचा सराव.

"अहो, गोळ्या कोण मारणार?"

"तू मारशील की. मी बरं करणारा होणार. तुझ्या मागे राहता आलं म्हणजे झालं."

रोज तासन्‌तास माझी डावी स्टिक पुढे दाबलेली असायची. शेवटी ती पुढेच कलली. अंगठा उचलला तरी शिपाई थोडा थोडा पुढे सरकायचा. पण सपाट मैदानात सतत चालणाऱ्या माणसाला ते कळणार कसं? आणि मला तर बोलता येत नव्हतं.

लेकीने त्यांना एकदाच खऱ्या सामन्यात घेतलं. बाबा छान पळाले. ती जखमी झाली तेव्हा त्यांनी तिला बरंसुद्धा केलं. मग एका तुटक्या पुलाच्या टोकाशी ती म्हणाली, "थांबा." त्यांनी लगेच अंगठा उचलला. मी थांबलो नाही. त्यांचा शिपाई सरळ दरीत गेला.

"काका, तो पूल होता, बसस्टॉप नव्हे!" टीममधला एक जण ओरडला. सगळे हसले. लेकही हसली.

"ब्रेक लागला नाही गं," बाबा म्हणाले.

"कारणं नकोत हं, बाबा. पुन्हा साधा मोड."

त्यानंतर ते कधी कारण सांगायला गेले नाहीत. आपलाच हात कच्चा, असं समजून सराव करत राहिले.

ते गेल्यावर, पाहुणे पांगले त्या दुपारी, लेकीने मला हातात घेतलं. खेळ सुरू करून ती एकटीच त्या तुटक्या पुलावर गेली. टोकाशी येऊन तिने अंगठा उचलला. शिपाई दरीत पडला. तिने पुन्हा करून पाहिलं. पुन्हा पडला. तिने मला उजेडात धरलं. गोळीचं बटण जवळजवळ कोरं होतं. डाव्या स्टिकचं रबर झिजून गेलं होतं. ती बराच वेळ त्यावर बोट फिरवत बसली.

"ब्रेक खरंच लागत नव्हता," ती पुटपुटली.

मित्रांनो, वस्तू बिघडली की तपासून घ्या, एवढं तर कुठलाही कंट्रोलर सांगेल. माझं मागणं थोडं जास्तीचं आहे. घरातलं कोणी सावकाश शिकत असेल, तर त्याचा हात कच्चा ठरवण्याआधी त्याच्या हातातलं हँडल एकदा आपल्या हातात घेऊन बघा.

नंतर तिने साधा मोड लावला. दोन खेळाडू. स्वतःचा कंट्रोलर हातात घेतला आणि मला बाबांच्या उशीवर ठेवलं. तिचा शिपाई पुढे निघाला. मागून, कोणी हात लावलेला नसताना, माझा शिपाई हळूहळू सरकू लागला. अंतर वाढत गेलं. तिने मागे वळून पाहिलं आणि अंगठा उचलला. तिचा शिपाई मैदानाच्या मधोमध उभा राहिला.

"बाबा, या सावकाश," ती मोठ्याने म्हणाली. "मी थांबलेय."